ऊझ नदीकांठचे बैरागी

पुण्यास शिवाजीनगर भागांत 'ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम' म्हणून एक जागा आहे. तिच्यावरून आम्ही कित्येक वर्षें गेलों-आलों. परंतु आंत पाऊल टाकावें असें कधीं वाटलें नाहीं. मिशनरी म्हटला कीं आमच्यासारख्या घरांतून भिंवया चढावयाच्याच. गेल्या उन्हाळ्यांत मुलाकडे केंब्रिजला राहण्याचा योग आला, तेव्हां त्या आश्रमाचा एक धागा तेथून अवघ्या पांचसहा कोसांवरच्या एका गांवापर्यंत गेलेला आहे, असें वाचण्यांत आलें. आणि पुण्यास जें केलें नाहीं तें परदेशांत करावें म्हणून आम्ही निघालों.

गांवाचें नांव सेंट आइव्ज. तेथें जाणारी आगगाडी १९७० सालीं बंद झाली. २०११ पासून तिच्याच वाटेवर सिमेंटच्या चाकोरींतून बस धांवते. उतरल्यावर बाजारपेठेंत क्रॉमवेलचा पुतळा लागतो. राजाचा शिरच्छेद करविणारा हा पुरुष १६३१ पासून कांहीं वर्षें येथें साधा शेतकरी म्हणून राहत होता. पुढें ऊझ नदीवरचा जुना दगडी पूल, आणि पुलाच्या मधोमध बांधलेलें चिमुकलें प्रार्थनामंदिर. नदी संथ, कांठीं विलो वृक्षांच्या फांद्या पाण्यास टेकलेल्या. थोड्या अंतरावर ऑल सेंट्स हें देवालय आहे. १९१८ सालीं एक विमान त्याच्या मनोऱ्यावर आदळलें व मनोरा कोसळला. तो पुढें पुन्हां बांधण्यांत आला.

येथवरचें वर्णन कोणताही प्रवासी करील. आम्हांस ओढ होती ती या देवालयाच्या एका जुन्या व्हिकराची. व्हिकर म्हणजे गांवचा धर्माधिकारी. त्यास गांवाचें क्षेत्र नेमून दिलेलें, राहण्यास घर, ठरलेलें उत्पन्न. बारसें, लग्न, अंत्यविधि सर्व त्याच्याच हातून. आपल्याकडील जोशीपणाच्या वतनाची आठवण व्हावी असाच हा अधिकार. फ्रान्सिस्कन फ्रायर म्हणजे याच्या अगदीं उलट. असीसी गांवच्या कापडवाल्याचा मुलगा फ्रान्सिस यानें १२०९ च्या सुमारास जो पंथ काढला, त्यांतील बंधूंनीं धन जवळ ठेवावयाचें नाहीं, लग्न करावयाचें नाहीं, आणि वडिलांच्या आज्ञेबाहेर जावयाचें नाहीं. अंगावर जाडाभरडा झगा, कमरेस तीन गांठींची दोरी. मठाच्या भिंतीआड न बसतां लोकांत हिंडावें, कष्ट करावे, न मिळालें तर भिक्षा मागावी. हे बंधू १२२४ सालीं इंग्लंडांत आले; १५३८ सालीं आठव्या हेन्रीनें त्यांचे मठ मोडले. त्यानंतर साडेतीन शतकें इंग्लंडच्या अँग्लिकन पंथांत जोशी राहिले, बैरागी उरले नाहींत. १८९४ पासून लंडनच्या पूर्वेकडील गरीब वस्तींत या वृत्तीचें पुनरुज्जीवन होऊं लागलें.

मग बैराग्याच्या हातीं जोशाचें वतन आलें तर काय व्हावें? सेंट आइव्ज येथें नेमकें तेंच घडलें.

नगर जिल्ह्यांत काम करणारे जॅक विन्स्लो यांनीं १९२२ सालीं 'ख्रिस्त प्रेम सेवा संघ' काढला. नारायण वामन टिळकांचा त्यांच्यावर फार प्रभाव. टिळकांचें इंग्रजी चरित्रही त्यांनींच लिहिलें. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' ज्या घरांत पुन्हां पुन्हां वाचलीं जातात, त्या घरास टिळकांच्या धर्मांतराचा सल आणि त्यांच्या वैराग्याचें मोल हीं दोन्हीं ठाऊक आहेत. संघांत युरोपियन आणि हिंदी बंधू एकत्र राहत. खादी नेसत, जमिनीवर बसून शाकाहारी अन्न जेवत. १९२७ सालीं व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर अल्जी रॉबर्टसन हे पुण्यास येऊन या संघास मिळाले. प्रकृतीनें साथ दिली नाहीं, म्हणून ते परतले आणि १९३० सालीं सेंट आइव्जचे व्हिकर झाले.

त्यांनीं वतन घेतलें, पण घर आपलें म्हटलें नाहीं. व्हिकराच्या निवासांत तरुण बंधू राहूं लागले. प्रार्थनेच्या वेळा ठरल्या. एका कुटुंबासाठीं असलेलें घर एका संघाचें झालें. गांवचे विधि चालूच होते. पुढें डॉर्सेट परगण्यांतील हिलफील्ड येथील बंधूंशीं हा संघ एक झाला. तेथें १९२१ पासून डग्लस डाउन्स हे महायुद्धानंतर बेकार होऊन वाटेवर भटकणाऱ्या माणसांस आसरा देत. स्वतः त्यांच्यासारखे फिरत, त्यांच्याबरोबर धर्मशाळांतून निजत. १९३७ सालीं 'सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस' उभी राहिली, आणि रॉबर्टसन सेंट आइव्जचें वतन सोडून निघाले. सात वर्षें राहून ज्याला घर इतक्या सहजपणें सोडतां आलें, तो त्या घराचा मालक कधींच झाला नव्हता.

देवालयांत एक वृद्ध बाई फुलें रचीत होत्या. त्यांनीं आमच्या हातीं चहाचा पेला दिला; कोण, कोठले, हें पेला अर्धा झाल्यावर विचारलें. ती साधी गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. कारण गेल्याच वर्षीं एक विद्यार्थी आमच्या घरीं खोली विचारण्यास आला होता, आणि आम्हीं पाण्याच्या आधीं त्याचें आडनांव विचारलें होतें. आमच्या आजीच्या वेळीं याच घरांत वार लावून जेवणारे मुलगे होते. माधुकरी मागणाऱ्यास दारांतून विन्मुख पाठविलें जात नसे. अर्थात् त्या वारांनाही जातीचें कुंपण होतें. तें आम्ही आठवणींत सोयीनें विसरतों.

फ्रान्सिसच्या पंथांत तिसरी एक शाखा आहे. ती संसारी माणसांची. घर, मुलेंबाळें, नोकरी सांभाळून साधेपणाचें व्रत पाळावयाचें. सर्वांनीं झगा घालावा असें कोणीच म्हणत नाहीं. त्यांचा धर्म त्यांच्यापाशीं, आमचा आमच्यापाशीं. परंतु घर आपल्याकडे ठेवीसारखें आहे, ही समजूत कोणत्याही धर्माच्या गृहस्थास परकी नसावी.

पुण्यास परतल्यावर त्या आश्रमाच्या फाटकांतून आम्ही एकदांचे आंत गेलों. आणि त्या विद्यार्थ्याचा पत्ता शोधीत आहों. खोली अद्याप रिकामीच आहे.