दिसले तेवढे मोजले

आमची आई मूळची हर्णैची. त्यामुळे तिला समुद्र दाखवून खूश करणं हा प्रकार जरा अवघडच. गेल्या डिसेंबरात ती पहिल्यांदाच माझ्याकडे क्राइस्टचर्चला आली, तेव्हा एका शनिवारी तिला अकारोआला घेऊन गेलो. दीड तासाचा वळणावळणाचा रस्ता, मग छोटी बोट, आणि खाडीच्या तोंडाशी हेक्टर्स डॉल्फिन. न्यूझीलंडच्या बाहेर हे कुठेच सापडत नाहीत. लांबी जेमतेम दीड मीटर, आणि पाठीवरचा पंख गोल, अगदी मिकी माउसच्या कानासारखा. आई बोटीच्या पुढच्या टोकाला उभी, मी मागे. दोघंही फोन घेऊन फोटो काढतोय.

"एकूण किती असतील रे हे?" आईने विचारलं.

मी कधीतरी एका जुन्या पुस्तकात वाचलेलं ठोकून दिलं, "सात हजार." बोटीवरची मुलगी मात्र माइकवर पंधरा हजार म्हणाली.

"म्हणजे दुप्पट झाले की! बरं झालं बाई."

मीही मान डोलावली. इंजिनीअर माणूस, दोन आकडे मिळाले की लगेच ग्राफ काढून मोकळा! पण रात्री जेवताना डोक्यात किडा वळवळायला लागला. या डॉल्फिनच्या मादीला दोन-चार वर्षांतून एक पिल्लू होतं. मग इतक्यात दुप्पट कसे होतील? बसलो शोधत.

तर झालं होतं असं. सुमारे सव्वासात हजारांचा आकडा 1997 ते 2001 मधल्या मोजणीतून आला. पंधरा हजारांच्या आसपासचा आकडा 2010 ते 2015 या काळात साउथ आयलंडभोवती विमानं उडवून केलेल्या मोजणीतून. डॉल्फिन दुप्पट झाले नव्हते, मोजायची पद्धत बदलली होती. मुख्य फरक पूर्व किनाऱ्यावर पडला. तिथे विमानं पार वीस सागरी मैलांपर्यंत आत गेली, आणि जिथे फारसं कोणी बघितलंच नव्हतं तिथेही डॉल्फिन निघाले.

आता ही मोजणी कशी करतात? मला वाटलं होतं फोटो काढायचे आणि ठिपके मोजायचे. तसं नाही. छोटं विमान, पंख वरच्या बाजूला म्हणजे खाली बघायला आडवे येत नाहीत. साधारण दीडशे मीटर उंची, ताशी एकशे ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग. आधीच आखलेल्या सरळ रेषांवरून उडायचं. डॉल्फिन दिसला की तो खाली किती अंशावर दिसतोय ते मोजायचं. पंचेचाळीस अंश असेल तर तो रेषेपासून दीडशे मीटरवर, तीस अंश असेल तर दोनशे साठ. नववीतली त्रिकोणमिती! रेषेपासून लांब जावं तसे कमी डॉल्फिन नजरेस पडतात. ते किती प्रमाणात कमी होतात यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात.

पण अगदी नाकाखालचेही सुटतात, आणि ते दोन कारणांनी. मार्श आणि सिंक्लेअर यांनी ऑस्ट्रेलियातल्या ड्यूगाँगच्या हवाई मोजणीसाठी 1989 मध्ये ही दोन कारणं वेगळी करून मांडली. एक, प्राणी दिसण्यासारखा होता पण माणसाचं लक्ष गेलं नाही. दोन, प्राणी खोल पाण्यात होता, दिसणं शक्यच नव्हतं.

पहिल्यावरचा इलाज मला लगेच कळला, कारण टेस्टिंगमध्ये हीच युक्ती आहे. विमानात एकाच बाजूला दोघे बसतात, पुढे एक, मागे एक, आणि एकमेकांना काही सांगत नाहीत. समजा पुढच्याने 20 पाहिले, मागच्याने 15, आणि दोघांनाही दिसलेले 10. तर 20 गुणिले 15 भागिले 10, म्हणजे एकूण 30. दोघांनी मिळून पाहिले 25, सुटले 5. बग मोजायलाही हेच सूत्र चालतं.

पण दुसऱ्या कारणापुढे हे सूत्र साफ आडवं होतं. हे मला पुस्तकातून नाही, फटका खाऊन कळलंय. तीनेक वर्षांपूर्वी एका रिलीजच्या आधी मीच मेल टाकली होती, ओपन बग शून्य. दोन टेस्टर, दोघांच्या याद्या जवळजवळ सारख्या, मग काय खात्रीच! पुढच्या महिन्याच्या एकतीस तारखेला पहाटे तीनला फोन. तो बग फक्त महिनाअखेरीला डोकं वर काढायचा आणि आम्ही सगळे महिन्याच्या मध्यावर उडत होतो. असो.

डॉल्फिनवाल्यांनी मात्र यावरही दोन उपाय केले. हेलिकॉप्टर घेऊन ते एकेका टोळीवर थांबले, आणि ती किती वेळ वर दिसते, किती वेळ खाली गडप होते हे मोजलं. शिवाय विमानाला डॉल्फिन दिसला की गोल फिरून त्याच जागेवर परत यायचं आणि आता दिसतोय का ते बघायचं. हे आकडे वापरून मग मोजणी वाढवायची. ही गुणाकाराची पायरी जरा इकडे-तिकडे झाली की काही हजार डॉल्फिन कागदावर जन्मतात किंवा मरतात. म्हणूनच यावर भांडणंही होतात.

(नॉर्थ आयलंडच्या माउई डॉल्फिनची गोष्ट आणखी वेगळी. 2004 च्या हवाई मोजणीत ते 111 निघाले होते. पण इतके थोडे असले की विमानातून दिसणार तरी किती? आता त्यांच्या कातडीचा बारीक नमुना घेऊन डीएनएवरून मोजतात. 2020-21 चा अंदाज 54.)

हे सगळं मी आईला रविवारी चहा घेताना सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अरे, पण जाळीवाला म्हणेल ना, पंधरा हजार आहेत तर माझं जाळं कशाला काढता?"

हर्णैची बाई! मी दोन तास वाचून जिथे पोचलो नव्हतो तिथे ही थेट पोचली. कारण सगळा प्रश्न समुद्रात उभ्या लावलेल्या जाळ्यांचाच आहे. डॉल्फिनला श्वासासाठी वर यावं लागतं, जाळ्यात अडकला की गुदमरून मरतो. अकारोआच्या आसपासचा पट्टा 1988 सालीच अभयारण्य झाला, आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून जाळ्यांवरची बंदी आणखी वाढवली. मी तिला म्हटलं, आकडा वाढला याचा दुसरा अर्थ असा, की बरेच डॉल्फिन आपण समजत होतो त्यापेक्षा लांब, खोल पाण्यात आहेत. आणि पंधरा हजार म्हणजे काही एक कळप नाही. पूर्व, पश्चिम, दक्षिण किनाऱ्यांवरचे गट वेगळे, एकीकडचे मेले तर दुसरीकडचे येऊन जागा भरतील असं नाही.

"हे तू जाळीवाल्याला सांगून बघ," आई म्हणाली.

मग तिने फोन काढला. आम्ही दोघांचे फोटो शेजारी ठेवून पंखांवरच्या खाचा-ओरखडे जुळवत बसलो. माझ्याकडे सहा, तिच्याकडे चार, दोघांत सामायिक तीन. सहा चोक चोवीस, भागिले तीन, आठ.

"ती मुलगी तर दहा म्हणत होती," आई म्हणाली.