‘पनवेल ब’ नव्हे



चळवळीच्या पानावर फुटबॉल कशाला, असं तुमच्यातला कोणीतरी विचारणारच. विचारा. मागल्या बैठकीत मलाही एकानं विचारलं, “पोरं बॉल मारतात, त्यात क्रांती कुठं हाय?” मी म्हटलं, क्रांतीचं राहू दे. पण पनवेलात आपल्या बौद्धवाड्याचं नाव मतदारयादी आणि पोलीस ठाण्याचा कागद सोडून तिसऱ्या जागी कुठं लागत असेल, तर ते या पोरांमुळं. तेही धड लागत नाही. त्याचीच ही तक्रार.

आधी टीम सांगतो. बारा-तेरा पोरं. एकजण मार्केटात गोणी उचलतो, दोघं बिल्डिंगच्या साइटवर, एक कॉलेज सोडून घरोघर पार्सल पोचवतो. गोली रिक्षा चालवतो, तीही भाड्याची. सरावाला सगळे एका वेळी कधीच जमत नाहीत. कोच नाही. बूट सात जोड. त्यामुळं बदली खेळाडू आत जायचा म्हटला की बाहेर आलेला आधी खाली बसून लेस सोडणार, मग दुसरा ते बूट घालणार, आणि पंच शिट्टी तोंडात धरून ताटकळणार. बूट मोठा पडला तर पुढं कापड कोंबायचं. मी एकदा विचारलं, अनवाणीच का नाय खेळत? तर गोली म्हणाला, “भाऊ, समोरचा स्टड घालून पायावर पाय देतो, तवा कळंल.”

आम्ही लहान होतो तेव्हा अनवाणीच खेळायचो. भात कापून झालं की खाचर मोकळं व्हायचं. धसकटं तळव्यात घुसायची, बांध हीच साइडलाइन. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि गावोगावच्या जमिनी जायला लागल्या. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जासई-नवघरला उभे राहिले, गोळीबारात पाचजण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या लढ्याला माझा जयभीम आहे. पण साडेबारा टक्के आले ते ज्याच्या नावावर जमीन होती त्याला. माझ्या बापानं, आज्यानं त्याच खाचरांत चिखल तुडवला, आवणी केली, कापणी केली. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं. खाचर गेलं तेव्हा आमचं मैदान गेलं, ते कोण लिहून ठेवणार? आता पोरं गाढी नदीच्या अंगाला एका रिकाम्या प्लॉटवर खेळतात. एक दिवस मालक येऊन पत्रे ठोकील.

गेल्या पावसाळ्यात सातजणांच्या एका स्पर्धेत पोरांनी एंट्री भरली. फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं: बौद्धवाडा, पनवेल. फी भरली, पावती घेतली. सकाळी मैदानावर गेलो तर फळ्यावर ‘पनवेल ब’. ‘पनवेल अ’ कोण, तर सोसायट्यांतल्या पोरांची टीम. विचारायला गेलो तर संयोजक हसतमुखानं म्हणतो, “अहो, खेळात जात कशाला आणता?”

ऐका! देवाच्या नावाची मंडळं चालतात, आळीची नावं चालतात, पाड्याची चालतात. बौद्धवाडा म्हटलं की ह्याला जात दिसते. पत्ता आहे तो आमचा! टपाल येतं त्यावर.

पोरं म्हणाली, भाऊ, वाद नको, खेळून दाखवू. पहिली मॅच दोन-शून्य. दुसरी टायब्रेकरवर, गोलीनं दोन अडवले. उपांत्य फेरीत एक गोलनं गेलो. माईकवाला दिवसभर ‘पनवेल ब, पनवेल ब’ ओरडत होता आणि वाड्यातल्या बाया छत्र्या मिटून ‘बौद्धवाडा! बौद्धवाडा!’ म्हणत होत्या. एक म्हातारी शेवटपर्यंत मला विचारत होती, “हातानं धरतो तो आपलाच ना?”

आता इतिहास. 1911 साल घ्या. मोहन बागाननं बहुतेक अनवाणी खेळाडूंच्या बळावर कलकत्त्यात गोऱ्या पलटणीला 2-1 हरवून आयएफए शील्ड जिंकली. ती गोष्ट सगळ्या देशाला पाठ. त्याच वर्षी पळवणकर बाळू नावाचा आपला चर्मकार माणूस इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराच्या वर विकेट काढत होता. पुण्याच्या मैदानावर त्याला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. हिंदूंच्या संघाला त्याची बोटं चालायची, पण कर्णधारपद त्याला कधी दिलं नाही. ते मिळालं धाकट्या विठ्ठलला, 1923 साली, तेही भांडण झाल्यावर. आपल्याला बाळूचं एवढंच ठाऊक की 1937 ला तो काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि पडला. तेही खरंच आहे. मी त्याची वकिली करत नाही. पण त्याच्या बोटांचा हिशेब आपण नाही ठेवायचा, तर कोणी ठेवायचा?

नागपुरात विजय बारसे या खेळाच्या प्राध्यापकाला 2001 च्या सुमाराला झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडताना दिसली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. नागराज मंजुळेनं त्यावर 2022 ला ‘झुंड’ काढला. त्यातली भीमजयंती बघून आपण थेटरात शिट्ट्या मारल्या. तीच झुंड आपल्या दारात चिखलात उभी आहे, तिला शिट्टी नाही. त्याच 2022 च्या 30 ऑक्टोबरला नेरूळच्या स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल झाली. स्पेननं कोलंबियाला 1-0 हरवलं. पनवेलहून लोकलनं नेरूळ सहावं स्टेशन. जगाचा फुटबॉल तिथवर येऊन गेला.

आणि आपण? जयंतीला डीजेच्या भिंती लावतो. एका रात्रीच्या भाड्यात पुऱ्या टीमचे बूट येतील, शिवाय वाड्यातल्या मुलींची टीम काढायची झाली तर तिचेही. मुली विचारतायत, हे मुद्दाम सांगतो. काही जुने कार्यकर्ते म्हणतात, खेळापेक्षा अभ्यासिकेला द्या. द्या की! दोन्हीला द्या. डीजेचं काढा.

येत्या बैठकीत हा खर्च मी मांडणार आहे. पुढल्या स्पर्धेच्या फॉर्मबरोबर पाचजणांनी जाऊन फळ्यावर नाव बरोबर लिहून घ्यायचं, हाही ठराव मांडणार आहे. ज्यांना विरोध करायचा त्यांनी आधी रविवारी संध्याकाळी पाचला प्लॉटवर येऊन बघावं. चिखल आहे, जुन्या चपला घालून या.