बडोद्याचे सज्जे आणि पावसाचे पाणी

बडोदे म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सयाजीराव महाराजांची राजधानी उभी राहते. कागदोपत्री हे नगर आज वडोदरा आहे. पण दांडिया बाजारातील मराठी घरांत ‘बडोदे’ हाच शब्द अजून कानी पडतो. येथे येणारा प्रवासी १८९० साली पुरा झालेला लक्ष्मीविलास राजवाडा पाहतो, सयाजीबागेत हिंडतो, सूरसागराच्या काठी घटकाभर विसावतो आणि परततो. आपल्यापैकी कोणी असल्यास रोझरी कॅथेड्रलमध्ये मिस्सा ऐकून जातो. बडोद्याचा स्वतंत्र धर्मप्रांत १९६६ साली स्थापन झाला. आज मात्र आम्ही वाचकांस दुसऱ्या वाटेने नेणार आहोत. ही वाट मांडवीच्या इमारतीजवळून जुन्या पोळांत शिरते आणि तेथे मान वर करूनच चालावे लागते.

कारण पाहण्यासारखे जे काही आहे ते डोक्यावर आहे. तळमजल्याची भिंत विटांची, तर वरच्या मजल्याचा पुढचा भाग लाकडाचा. आणि तो भाग भिंतीच्या रेषेत न थांबता दोन-तीन हात रस्त्यावर पुढे आलेला. हा सज्जा. तुळयांची टोके भिंतीबाहेर काढून आणि त्यांना खालून कोरीव टेकू देऊन तो पेललेला असतो. अरुंद जागेत खोली वाढावी, वारा मिळावा, खालच्या वाटसरूस सावली व्हावी, असे तिहेरी काम एका सज्जाने साधते. परंतु जे पुढे आले ते आधी भिजते. घराचा जुना देह आणि हा पुढे आलेला भाग जेथे जुळतात तो सांधा पावसाला नेमका सापडतो.

ह्या गळतीने काय बुडू शकते हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यात जावे. बडोदे संस्थानचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा एकोणिसाव्या शतकातील वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आतील भिंतींवर पुराणांतील कथा आणि त्या काळचे लोकजीवन रंगविलेले आहे. ही चित्रे चुन्याच्या गिलाव्यावर आहेत. गिलाव्यात ओल शिरली की भिंतीतील क्षार पृष्ठावर येतात, रंग फुगतो आणि पापुद्रा होऊन गळून पडतो. गेलेला पापुद्रा कोणताही चितारी परत आणून देऊ शकत नाही.

बडोद्यास पावसाचे भय नवे नाही. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात येथे सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. असे पाणी सर्वांस दिसते आणि त्याच्याशी झुंजावयास सारे गाव एकत्र येते. गळतीचे पाणी मात्र चोरपावलांनी येते, आणि बहुधा माणसांत फूट पाडून जाते.

आम्ही पाहिलेल्या एका घराचे उदाहरण सांगतो. वरच्या मजल्यावर थोरला भाऊ, खाली धाकटा. खालच्या सज्जाच्या छतावर, भिंतीपासून दोन हातांवर, ओलीचा तपकिरी डाग पडला. पहिल्या वर्षी वर डांबर फासले, दुसऱ्या वर्षी सिमेंटचा थर दिला. तिसऱ्या वर्षी डाग वाढला. धाकट्याची खात्री झाली की वरच्या मोरीचे पाणी झिरपते आहे. वहिनींना शब्द लागला, आणि एका जिन्याच्या दोन टोकांना राहणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. अखेरीस एका गवंड्याने सल्ला दिला, की सज्जाच कापून टाका. शंभर वर्षांचे कोरीव काम एका दिवसात जळणाच्या भावाने गेले असते.

तेव्हा एका वृद्ध सुतारास बोलावणे गेले. त्याने हत्याराची पिशवी उघडलीच नाही. आधी प्रश्न विचारले.

“हिवाळ्यात गळते का?”

“नाही.”

“मग मोरीचे नाव काढू नका. मोरी बाराही महिने वाहते. आता सांगा, सरळ धार पडते तेव्हा गळते, की वारा असतो तेव्हा?”

“पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे.”

“तर मग दादा, छप्पर सोडा आणि सांधा पाहा. डाग दिसतो तेथे पाणी शिरत नाही; तेथे ते चालून थकते आणि खाली बसते.”

दोन प्रश्नांत अर्धे भांडण मिटले. उरलेले काम उघडीप पाहून कोरड्या दिवशी झाले, आणि त्याची पद्धत प्रत्येक गृहस्थाने ध्यानी ठेवावी अशी आहे. एक माणूस आत दिवा आणि खडू घेऊन बसला. दुसरा शिडीवर झारी घेऊन चढला. पाणी घालावयाचे ते तळापासून वर. प्रथम खालची कड, मग खिडकीची चौकट, मग बाजूचे सांधे आणि सर्वांत शेवटी माथा. प्रत्येक टप्प्यावर पाव तास थांबावयाचे. वरून आरंभ केला असता पाणी ओघळून सगळेच सांधे भिजवते आणि गुन्हेगार कोण ते कळत नाही. खालचे तीन टप्पे कोरडे गेले. सज्जाचे छप्पर भिंतीस मिळते तेथे झारी पोहोचली, आणि थोड्याच वेळात तुळईच्या पोटाशी पहिला थेंब चमकला. तो पडला नाही. तुळईला धरून दोन हात सरकला आणि डागापाशी येऊन टपकला.

कारण उघड झाले. छपरावरील जस्ती पत्र्याची वरची कड गिलाव्यावर नुसती खिळ्यांनी ठोकलेली होती. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते. वीट तशी वागत नाही. ह्या ओढाताणीत सिमेंटला केसाएवढी भेग पडली आणि वाऱ्याने पाणी तीत ढकलले. शिवाय सज्जा किंचित खचून त्याच्या छपराचा उतार आतल्या बाजूस झाला होता, आणि खालची फट ‘बंदोबस्त’ म्हणून बुजविल्याने आत गेलेल्या पाण्यास वाट उरली नव्हती. सुताराने टेकूखाली पाचर देऊन उतार बाहेर काढला. भिंतीत खाच पाडून पत्र्याची कड सहा इंच वर वळवून आत दाबली आणि खाच चुन्याने भरली. छपराच्या कडेखाली पाणी तोडणारी बारीक चीर कोरली. खालची फट मोकळी केली. सज्जा राहिला आणि जिनाही पुन्हा वाहता झाला.

हे शास्त्र केवळ जुन्या वाड्यांचे नव्हे. अमेरिकेसारख्या देशांत मोटारीमागे जोडून न्यावयाची चाकांवरची घरे असतात. मुक्कामी पोहोचल्यावर त्यांतील काहींची एक खोली पेटीच्या खणाप्रमाणे बाहेर सरकवितात. हा एका अर्थी चालता सज्जाच. तिच्या चारही कडांना रबराच्या पट्ट्या असतात. त्या कडक झाल्या, कोपऱ्यात उघड्या पडल्या, किंवा खोलीच्या माथ्यावरील पालापाचोळा तसाच राहून खोली आत घेतली, की पाणी आत येते आणि जमिनीखालची फळी मुकाट कुजते. तेथेही शोध तळापासून वर, एकेक कड वेगळी भिजवून घ्यावयाचा. तेथेही डाग एकीकडे आणि वाट दुसरीकडे.

आपल्याकडे वसईत वा रायगडात जुन्या घरास पुढे पडवी काढतात, पत्र्याचा मांडव जोडतात. वाचकहो, वैशाखातच त्या सांध्यांवरून एकदा नजर फिरवा. पन्हळीतील पाने काढा. पत्र्याची कड भिंतीत शिरली आहे की भिंतीवर नुसती टेकली आहे ते पाहा. आणि गळू लागलेच तर कोणावर बोट ठेवण्यापूर्वी झारी घेऊन खालून वर चढा. आळस आणि गळके घर यांचे नाते उपदेशकाच्या ग्रंथात शहाण्याने फार पूर्वीच जोडून ठेवले आहे. आमची भर एवढीच, की उतावळेपणाही आळसाइतकाच छप्पर गाळतो. आणि तो छपराखालच्या माणसांनाही एकमेकांपासून तोडतो.