पकड

मोटारसायकलीच्या सर्व भागांत क्लच हा मोठा अबोल भाग आहे. इंजिन बिघडले तर खोकते, ब्रेक झिजले तर करकरतात, साखळी ढिली पडली तर खडखडते. क्लचची पकड मात्र गुपचूप सुटत जाते. सपाट रस्त्यावर ते आपल्या ध्यानातही येत नाही. चढ लागला आणि मागे ओझे असले, की इंजिनाचा आवाज चढत जातो; गाडी मात्र आहे त्याच वेगाने चालत राहते. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत न पोहोचता वाटेतच उष्णता होऊन वाया जाते. गॅरेजच्या भाषेत याला 'क्लच स्लिप मारतो' असे म्हणतात.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या बुलेटला हे दुखणे जडले. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेल्या या जातीची ही गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८८ साली घेतली होती. वाईत आमचे वह्या-पुस्तकांचे छोटे दुकान आहे. जून महिना जवळ आला की पाचगणीच्या दुकानदारांना माल पोहोचवावा लागतो. पन्नास-साठ किलोंचे गठ्ठे बांधून पसरणीचा घाट चढायचा, हा आमचा दरवर्षीचा क्रम. त्या वर्षी घाटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावरच गाडी नुसती ओरडू लागली. किक मारतानाही पाय विनासायास खाली जाई. कारण या गाडीत किकसुद्धा क्लचमधूनच इंजिनाला फिरवते. शाळा उघडायला तीन आठवडे उरले होते. वर्षाची अर्धी कमाई आम्ही त्या तीन आठवड्यांत करतो.

क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या चकत्यांची चवड. काही चकत्यांना घर्षणाचे अस्तर असते, काही नुसत्या पोलादी असतात. एका प्रकारच्या चकत्या इंजिनाबरोबर फिरतात, दुसऱ्या गिअरपेटीबरोबर. स्प्रिंगा त्यांना सदैव एकमेकींवर दाबून धरतात. आपण लिव्हर दाबला की हा दाब उचलला जातो आणि चकत्या सुट्या होतात. धरण्याचे काम स्प्रिंगांचे, सोडवण्याचे तेवढे आपल्या हाताचे.

आमचे मिस्त्री जुन्या वळणाचे. गाडी आली की लगेच पाना हातात घेणारे ते नव्हेत. त्यांनी आधी क्लचची वायर तपासली. लिव्हर आणि त्याची बैठक यांच्यात दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल लागते. वायर फार ताणलेली असली तर हात न लावताही क्लच अर्धवट सुटलेला राहतो. ती चाल ठीक होती. मग त्यांनी तेलाची चौकशी केली. आमच्या गाडीत क्लच वेगळ्या पेटीतल्या तेलात फिरतो; पुष्कळ गाड्यांत तो इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. अशा गाडीत घर्षण कमी करणारे मोटारीचे तेल ओतले तर चांगला क्लचही सरकू लागतो. आमचे तेलही योग्यच होते. आता पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

डाव्या बाजूचे ते भले मोठे झाकण एकाच नटावर बसलेले असते, याचे मला अजूनही नवल वाटते. खाली परात ठेवून तेल काढले. चकत्या पुसून एकेक करून काचेवर ठेवल्या. एकही वाकलेली नव्हती. अस्तर झिजले होते, परंतु वापरण्याजोगे होते. शेवटी तिन्ही स्प्रिंगा नव्या स्प्रिंगेशेजारी उभ्या केल्या, तेव्हा उलगडा झाला. एकतीस वर्षे दाब सोसून जुन्या स्प्रिंगा दोन मिलिमीटरने आखूड झाल्या होत्या.

मिस्त्रींनी दोन संच पुढे ठेवले : एक मूळ मापाचा, दुसरा जाड तारेचा. "ओझं न्यायचं तर हा जाड संच बसवा," ते म्हणाले, "पण हाताला जड जाईल." हिशेब सरळ होता. स्प्रिंगांचा दाब पाचव्या हिश्शाने वाढवला, तर पकड तेवढी वाढते आणि लिव्हर ओढायला लागणारा जोरही जवळजवळ तेवढाच वाढतो. शिवाय वायरीवर आणि गिअरपेटीच्या पोकळ दांड्यातून जाणाऱ्या सळईवर अधिक भार येतो, तो वेगळाच.

माझ्या हाताची मला चिंता नव्हती. परंतु अण्णा तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते, त्यांचे डावे मनगट एकदा मोडून सांधलेले होते आणि रोज पहाटे याच गाडीवरून ते शेतावर जात. मी मूळ मापाचा संच उचलला. अस्तर झिजलेले असताना तो साठ किलोंना पुरेल का, याची खात्री मिस्त्रीही देईनात. अण्णा बाकावर बसून सारे ऐकत होते. "जाडच बसवा," ते म्हणाले. "दुकान घाटावर चालतंय. शेत काय, चालत जाण्याजोगं आहे."

मिस्त्रींनी जाड स्प्रिंगा बसवल्या. तिन्ही स्क्रू पाळीपाळीने, थोडे थोडे आवळले आणि लिव्हर ओढून प्रेशर प्लेट सरळ उचलली जाते की नाही ते पाहिले. मी नवी वायर घ्यायला लावली. तिच्यात तेल सोडले, हँडलाजवळचे तीव्र वळण काढून तिला सैल मार्ग दिला, लिव्हरच्या खिळ्याला ग्रीस लावले. वायरीतले घर्षण जितके घटते तितके हाताचे श्रम वाचतात. वाढलेला जोर यामुळे सगळा भरून निघाला नाही; निम्मा निघाला असेल.

त्या जूनमध्ये मी पसरणीचा घाट अकरा वेळा चढलो. मूठ पिळली की गाडी पुढे झेपावत होती.

अण्णा शेतावर चालत गेले नाहीत. फाटक दिसले की ते दुरूनच न्यूट्रल करत आणि उरलेले अंतर गाडी नुसती घरंगळू देत, म्हणजे लिव्हर धरून थांबावे लागत नसे. २०२२ च्या दिवाळीनंतर एके सकाळी त्यांनी किल्ली माझ्या हाती दिली. मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी डोळ्यांचे सांगितले. हाताचे नाव काढले नाही.