गंजातले ऊन पाणी

मागील आठवड्यात बपेऱ्याच्या बसथांब्यानजीक सायकलची ट्यूब दुरुस्त करून घेत मी उभा असता ठिगळावर तापलेला पत्रा दाबला गेला, आणि रबराचा असा काही उग्र वास उठला की तुमसरच्या बसचा भोंगा, धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर आणि दुकानदाराने पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न यांपैकी काहीही माझ्यापर्यंत पोहोचले नाही. हा वास ज्या घरात मी प्रथम घेतला ते घर आता उभे नाही. तेथल्या चुलीवर, कल्हई केलेल्या पितळी गंजात पाणी खदखदत असे आणि त्यात माझ्या धाकट्या भावाच्या दुधाच्या बाटलीचे तांबूस निपल वरखाली होत असे.

आई त्या बाळंतपणात फार आजारी होती. ज्वर उतरेना, छातीवर गळू होऊन ते फोडावे लागले, आणि तुमसरच्या डॉक्टरांनी मुलाला वरचे दूध सुरू करावे असा सल्ला दिला. वडिलांनी बाजारातून बाटली आणली ती काचेची, होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना उघडी. एका टोकाला निपल आणि दुसऱ्या टोकाला हवा आत घेणारी रबरी टोपी. गंज भंडाऱ्याचा होता, आणि पितळी भांड्यांच्या बाबतीत भंडाऱ्याचा लौकिक तेव्हा असा होता की त्याची निराळी चौकशी करण्याचे कोणास कारण पडत नसे. बाटलीचा सगळा कारभार मोठ्या आईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीकडे होता. दूध एकदा उकळून निवले की ते पुन्हा चुलीवर चढवावयाचे नाही, पाणी तापवावयाचे, गंज खाली उतरवावयाचा, पाण्याचा चटका ओसरेपर्यंत थांबावयाचे आणि मग निपल पाण्याबाहेर राहील अशा बेताने बाटली त्यात धरावयाची, हा तिचा क्रम कधी चुकला नाही. मधूनच ती बाटली दोन तळव्यांमध्ये हलकेच फिरवी, कारण तळाचे दूध आणि वरचे दूध सारखे ऊन झाले पाहिजे. बोटांना पाणी सोसते आहे, मग मनगटावर थेंब पाडून पुन्हा कशाला पाहायचे, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "बापू, आपला हात राबलेला, त्याची जीब कोवळी."

परंतु मला जे विसरता येत नाही ते निराळेच आहे. तो थेंब ती स्वतःच्या मनगटावर पाडून थांबत नसे. बाळ कितीही आकांत करीत असले तरी बाटली घेऊन ती प्रथम आईच्या खाटेशी जाई, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईचा हात ओढून घेई, तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूस एक थेंब पाडी आणि म्हणे, "पाह्य वो बाई, हे सोसते का त्याले?" आई मान हलवी. मगच भावाच्या तोंडात निपल जाई.

या बाटलीपूर्वी आपल्याकडे बोंडले होते. चांदीचे किंवा पितळेचे, चोचीचे, झटकन घासून निघणारे, आणि त्याची थोरवी मला फार उशिरा कळली. पाश्चात्त्य देशांत रबरी निपलचे पहिले पेटंट न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यांनी १८४५ साली घेतले. त्यानंतर तेथे लांब रबरी नळी लावलेल्या बाटल्यांची चलती झाली; बाळाजवळ बाटली ठेवावी, नळी त्याच्या तोंडात द्यावी आणि आईने कामाला लागावे, अशी ती सोय. त्या नळीच्या आत ब्रश जात नसे, दूध साकळून राही, आणि इतकी बालके त्यापायी दगावली की फ्रान्सने १९१० साली कायदा करून नळीच्या बाटलीला बंदी घातली. दोन्ही टोकांना उघडणारी होडीसारखी बाटली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात आली ती याच अनर्थावर उपाय म्हणून. तुमसरच्या बाजारात वडिलांनी ती उचलली तेव्हा ही मृत्यूची बखर त्यांना ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. दुकानात जी होती ती त्यांनी घेतली, आणि सुदैवाने ती योग्य निघाली. बाटली ऊन करण्याच्या रीतीलाही इतिहास आहे. १८८६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी बालकांचे दूध बाटलीतच, पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवावे असे सुचविले. दूध विस्तवावर न ठेवता पाण्याकरवी ऊन करावे, ही गोष्ट चुलीपाशी बसलेल्या मोठ्या आईला कोणी शिकविली असेल, हा प्रश्न मला पडतो खरा. पण दूध करपण्याची धास्ती हीदेखील एक शाळाच असते.

येथे मनात जपून ठेवलेला एक राग नमूद करतो. भावाच्या बारशाला आलेल्या नात्यातील एका बाईने, आई ऐकत असता, पाळण्याकडे पाहून "हे त बाटलीवरचं पोर" असे म्हटले होते. बोलणारी बाई आता हयात नाही, आईही नाही, आणि तो भाऊ आज नातवंडांचा धनी आहे. तथापि ते वाक्य मी क्षमेच्या खाती जमा केलेले नाही. आईचे दूध हेच बाळाचे खरे अन्न, पहिले सहा महिने तेवढेच द्यावे आणि पुढे दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ इतर आहारासोबत चालू ठेवावे, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ते सर्वस्वी खरे आहे. म्हणूनच १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने दूधपावडरींच्या विक्रीसंबंधी संहिता मंजूर केली, आणि आपल्या संसदेने १९९२ साली कायदा करून, २००३ साली तो अधिक कडक करून, बालदुग्धाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास मनाई केली. हा कायदा मला मनापासून मान्य आहे. मात्र त्याचा रोख विकणाऱ्यांवर आहे. ज्वराने फणफणणाऱ्या स्त्रीच्या खाटेशी उभे राहून तिचा जबाब घेण्याचा अधिकार त्याने कोणास दिलेला नाही.

आज आमच्या घरी पुन्हा बाटली आली आहे, ती मात्र आजारपणामुळे नव्हे. सून तुमसरला नोकरी करते. २०१७ सालच्या दुरुस्तीने प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली, पण रजा कितीही वाढली तरी तिला अखेर असतेच, आणि ती संपताच सून कामावर रुजू झाली. सकाळी निघण्यापूर्वी ती स्वतःचे दूध काढून लहान बाटल्यांत भरते, प्रत्येकीवर तारीख व वेळ लिहिते आणि फ्रिजच्या आत, दारातल्या कप्प्यात नव्हे, मागच्या बाजूस ठेवून जाते. असे दूध फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालते. बाहेर, पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत, चार तास. आमच्याकडे वैशाखात पंचवीस अंश हे पहाटेच्या प्रहरीही दुर्लभ, तेव्हा बाहेर ठेवण्याचा विचार कोणी करूच नये. मुलाने नागपूरहून बाटली ऊन करण्याचे विजेचे यंत्र आणले आहे. यंत्र चांगले आहे; पाणी ठराविक उष्णतेपलीकडे तापू देत नाही. तथापि वीज गेली की ते मुके होते, आणि दूध तासन् तास ऊनच राखण्याची जी सोय त्यात आहे ती मला अजिबात पसंत नाही, कारण जंतूंना वाढण्यासाठी जी ऊब हवी असते ती नेमकी तेवढीच. थर्मासमध्ये ऊन दूध भरून रात्रभर ठेवणेही त्याच कारणाने वर्ज्य; थर्मासमध्ये गरम पाणी ठेवावे, आणि बाळ जागे झाले की ते वाटीत ओतून त्यात बाटली धरावी. मायक्रोवेव्हला तर माझी सक्त मनाई आहे. त्यात दूध सर्वत्र सारखे तापत नाही. बाहेरून बाटली जेमतेम कोमट लागते आणि आत एखाद्या ठिकाणी जीभ पोळेल असा कढत घोट दडलेला असतो.

पावडरीचे दूध असेल तर व्यवहार थोडा निराळा, आणि तो फार थोड्या घरांत माहीत असतो. पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते निदान सत्तर अंश गरम असतानाच, तीत मिसळावे, आणि मग बंद बाटली थंड पाण्यात धरून दूध पिण्याजोगे निववावे. ऊन केलेले दूध दोन तासांत संपले नाही तर टाकून द्यावे. दुधाची नासाडी पाहून जुन्या माणसांचा जीव तुटतो, माझाही तुटतो. पण बाळाच्या लाळेचा स्पर्श झालेले दूध पुन्हा ऊन करणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण. आणि हेही सांगून टाकतो की निरोगी बाळाला दूध ऊनच लागते असा वैद्यकाचा दंडक नाही. गार दूधही चालते. ऊन दूध बाळाला आवडते, ते रडायचे थांबते, एवढेच. माझ्या मते एवढे कारण पुरेसे आहे.

परक्या बाळासाठी दूध काढून देणाऱ्या मातांचे स्मरण मला याच ओघात होते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. दुग्धपेढ्यांत दान आलेले दूध साडेबासष्ट अंशांवर तीस मिनिटे तापवून ठेवतात आणि ज्यांच्या आईला दूध नाही अशा अशक्त बालकांना देतात. अशी पेढी आईच्या खाटेपासून कोसभर अंतरावर असती तर, असा विचार माझ्या मनात येऊन जातो. आणि मग भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील ती रात्र आठवते. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटेपूर्वी आजारी नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. ज्यांना ऊब मिळावी म्हणून तेथे ठेवले होते ती बालके. त्या दिवसापासून, बाळाजवळच्या कोणत्याही विजेच्या यंत्राची कळ बंद केल्यावाचून मला खोलीबाहेर पाऊल टाकवत नाही. दूध ऊन झाले की मी यंत्राची वायर भिंतीपासून सोडवतोच.

मोठ्या आईने थेंब आईच्या मनगटावर का पाडला, हे मी तिला कधी विचारले नाही, आणि विचारले असते तरी तिने ते शब्दांत सांगितले असते असे वाटत नाही. मला आज त्याचा अर्थ असा लागतो की दूध कोठून आले, कोणी पाजले, हे सारे त्या घटकेला गौण होते. मूल कोणाचे आणि त्याच्या पोटात काय जावे हे ठरविणार कोण, एवढेच तिला त्या अंधाऱ्या खोलीत पुन्हा पुन्हा जाहीर करावयाचे होते. सून संध्याकाळी परतते तेव्हा बाळाने केव्हा, किती दूध घेतले याचा तपशील मी तिला कागदावर लिहून देतो. उद्या किती बाटल्या काढाव्या, हे तिने ठरवावयाचे असते.

घरोघरच्या बापांना आणि आजोबांना माझी एवढीच विनंती आहे. पाजणे आपल्याला साधत नाही, पण दूध ऊन करणे साधते. ते काम, निदान रात्रीचे, आपल्याकडे घ्या. पाणी तापवून विस्तवावरून उतरवा, बाटली त्यात धरा, हलकेच फिरवा, थेंब मनगटाच्या आतल्या बाजूस पाडून पाहा, उरलेले दूध ओतून टाका आणि बाटली त्याच वेळी घासून उकळा. आणि तुमच्या घरातील बाळाला बाटली का लावली असे कोणी त्याच्या आईला विचारू लागले, तर उत्तर तिला देऊ देऊ नका. ते तुम्ही द्या.