मूळ गाव

पुण्याहून सोलापूरकडं जाणारी पॅसेंजर दौंडच्या अलीकडं केडगावला थांबते. केडगाव लोकांना दोन गोष्टींसाठी ठाऊक. एक नारायण महाराजांचं बेट आणि दुसरं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. गावकरी त्याला नुसतं ‘मिशन’ म्हणतात. आता चौफुल्याच्या बाजूला बघावं तिकडं ऊस आणि गुऱ्हाळं दिसतात.

आमची मंडळी या मिशनपासून थोड्याच अंतरावर जमते. पत्र्याचा हॉल, खाली सतरंज्या, एक पेटी, ढोलकी आणि टाळ. पाळकांनी “प्रार्थना करू या” म्हटलं की सगळे एकदमच मोठ्यानं प्रार्थनेला लागतात. कुणी हात वर करतं, कुणी रडतं, कुणी अन्य भाषेत बोलतं. आजूबाजूचे लोक आम्हाला ‘हालेलुयावाले’ म्हणतात. त्यात राग नसतो, थोडी गंमत असते. पण एखादा जरा तावातावानं विचारतो, “हे अमेरिकेचं खूळ इथं कुणी आणलं?”

हॉलला चाळीस वर्षं झाली तेव्हा मंडळीचा इतिहास छापायचं ठरलं. मी शाळामास्तर, म्हणून लिखाण माझ्याकडं आलं. वडीलधाऱ्यांनी मजकूर आधीच ठरवून ठेवला होता : जागा कुणी दिली, पत्रे कधी बसले, पाळक कोणकोण झाले. मी तो घरी वाचत बसलो होतो. आजी गहू निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

“मंडळी काय तुमच्या पत्र्यापासनं सुरू झाली व्हय रं?”

आजीचं म्हणणं समजायचं तर तिच्या आईची, म्हणजे माझ्या पणजीची गोष्ट सांगायला हवी. 1900 साली गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंनी माणसं पाठवून तिथल्या उपाशी मुलींना केडगावला आणलं. त्याआधी 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अशाच मुली आणल्या होत्या. मिशनात सगळ्या मिळून दोन हजारांच्या आसपास बायका-पोरी झाल्या. माझी पणजी त्यातली एक. तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. गावाचं नाव तिला सांगता आलं नाही, बापाचंही नाही. एक विहीर आणि एक काळी म्हैस एवढंच तिला आठवायचं. पुढं ती मराठी शिकली, मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला बसली आणि रेल्वेत खलाशी असलेल्या एका ख्रिस्ती तरुणाशी तिचं लग्न झालं.

आमच्याकडं कुठंही गेलं की पहिला प्रश्न असतो, “मूळ गाव कोणतं?” सोयरीक जुळवताना तर हटकून. पणजोबा सांगायचे दोन गावं पलीकडचं. पणजी गप्प बसायची.

तर 1905 साल. त्या वर्षाच्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज प्रार्थनेला कोण जमेल? सत्तर जणी उठल्या. जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेवर गेला आणि दिवसातून दोनदा त्या जमू लागल्या. 29 जूनच्या पहाटे, सगळी निजलेली असताना, एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्यासारखं झालं. शेजारच्या मुलीलाही तो दिसला. आग लागली समजून ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तोच तिच्या ध्यानात आलं की हिचं काही जळत नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. मुली एकदम मोठ्यानं रडू लागल्या, प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना शिकवणं थांबवावं लागलं.

ही हकिगत मिशनरी मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवलीय. आजी मात्र ती आईकडून ऐकलेली सांगायची. “आई म्हनायची, आमी आलो तवा कुनी रडत नव्हतं. रडायलाबी पोटात काय तरी लागतं. पाच वर्सं जेवलो आन् मग रडलो. समद्या एकदम.”

या वाक्यापुढं मला कधी काही बोलता आलेलं नाही.

बाहेरच्या लोकांनी या आरड्याओरड्याला नाकं मुरडली. रमाबाई संस्कृतच्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी गौरवलेल्या. त्यांना शिस्तीची, शांत उपासना आवडली असती तर नवल नव्हतं. पण त्यांनी मुलींना गप्प केलं नाही. हिंदी माणसानं आपल्या स्वभावाप्रमाणं देवाला आळवावं, परक्या रीतीच्या मापानं त्याला मोजू नये, अशी त्यांची भूमिका होती.

पुढच्या वर्षी, 1906 च्या डिसेंबरात, मिशनात अन्य भाषांमध्ये प्रार्थना सुरू झाली. दौंडला मुलांचं अनाथालय चालवणारे अल्बर्ट नॉर्टन तिथं गेले होते. इंग्रजी न येणाऱ्या बाईला इंग्रजीतून प्रार्थना करताना ऐकल्याचं त्यांनी लिहिलंय. पणजीच्या तोंडून काय निघालं ते कुणी लिहिलं नाही. आजी सांगायची, आई प्रार्थनेत कधीमधी असं बोलायची की घरात कुणालाच कळायचं नाही. ती आत्म्यानं दिलेली भाषा होती, की त्या काळ्या म्हशीच्या गावची, हे आजीनं ठरवलं नाही. मीही ठरवत नाही.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरची प्रसिद्ध सभा 1906 च्या एप्रिलातली. केडगावच्या पोरी त्याआधी दहा महिने रडल्या होत्या. उलट केडगावची बातमीच बाहेर गेली. मिनी अब्राम्स यांनी पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर लिहिलेलं पुस्तक दक्षिण अमेरिकेत चिलीच्या वालपराइसो शहरी त्यांच्या मैत्रिणीकडं पोचलं आणि 1909 साली तिथं मोठी जागृती झाली. आज चिलीतली पेंटेकॉस्टल मंडळी आपला इतिहास सांगताना केडगावचं नाव घेतात. आमच्या मजकुरात मात्र ते नव्हतं.

मी हे सगळं वडीलधाऱ्यांपुढं मांडलं. एकजण म्हणाले, “आपला त्याच्याशी कागदोपत्री संबंध नाही.” खरंच नव्हता. मिशनची मंडळी वेगळी, आमची वेगळी. दुसरे म्हणाले, “नावं सांगा, छापतो. नावाशिवाय कसं छापायचं?”

मी घरी येऊन आजीला विचारलं. तिला आईचं नाव ठाऊक होतं, पण तेही मिशनात ठेवलेलं. बाकीच्यांची कुठली सांगणार? ती बराच वेळ सूप हलवत राहिली. मग म्हणाली, “नाव नसलं तर आकडा घाला. आकडा हाय न्हवं?”

रविवारी उपासना संपल्यावर आजी भिंतीला धरून उभी राहिली आणि सगळ्यांपुढं तेच बोलली. मागं सतरंजीवर बसलेल्या बायकांनी “आमेन” म्हटलं. बहुतेक ऊसतोडीला जाणाऱ्या, कुणी टाकलेल्या, कुणी विधवा. वडीलधारे एकमेकांकडं बघत राहिले.

पुस्तिका निघाली. जागा देणाऱ्याचं नाव दुसऱ्या पानावर गेलं. पहिल्या पानावर सगळ्यात वर छापलंय : “सत्तर मुली. केडगाव, 1905.”

आजी गेल्यानंतर माझ्या मुलीची सोयरीक आली. पाहुण्यांनी मूळ गाव विचारलं. मी दोन गावं पलीकडचं नाव घ्यायच्या आत मुलगीच बोलली, “केडगाव.”