तक्रारपेटीतली चिठ्ठी

आमच्या शाळेची तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर टांगलेली होती. चिठ्ठी टाकायची तर सगळ्यांच्या देखत. त्यामुळे पेटी रिकामीच असे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना घडली आणि शाळाशाळांतून धावपळ सुरू झाली. सीसीटीव्ही आले, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलक लागला. समितीची सदस्य म्हणून मी एकच हट्ट धरला : पेटी जिन्याखाली, आडोशाला हलवा.

काही दिवसांनी तिच्यात वहीच्या पानाचा चतकोर सापडला. पेन्सिलीनं लिहिलेला, खोडून पुन्हा लिहिलेला. व्हॅनवाले काका मला शेवटी उतरवतात आणि जवळ ओढतात, एवढाच मजकूर. खाली नाव, इयत्ता सहावी.

‘आधी आपल्या पातळीवर चौकशी करू, शाळेचं नाव खराब होईल,’ असा पहिला सूर निघाला. मी मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदाच टेबलावर ठेवला. २०१२ च्या या कायद्याच्या कलम १९ नुसार असं काही कळलं की पोलिसांना कळवावंच लागतं. खरंखोटं ठरवत बसणं शाळेचं काम नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुख्याध्यापकांनी लगेच आईवडिलांना बोलावून घेतलं आणि त्याच दुपारी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो.

नंतर त्या मुलीच्या आईनं जे सांगितलं, ते माझ्या मनातून जात नाही. पोर आधी वर्गशिक्षकांना सांगायला गेली होती. दारातून पाहिलं, तर सर दोन मुलांना अंगठे धरायला लावून पाठीवर फूटपट्टी मारत होते. ती तशीच मागे फिरली.

हे सर तळमळीनं शिकवतात, शाळा सुटल्यावर थांबून गणितं सोडवून घेतात. पण ज्या माणसाची भीती वाटते त्याला मूल मनातलं कसं सांगेल? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली, त्याला २०१० पासून इतकी वर्षं झाली. तरी शिक्षकखोलीत आजही ऐकू येतं, ‘आम्ही मार खाऊनच शिकलो.’ मार खाताना त्यांच्यातल्या किती जणांनी काय काय गिळलं असेल, याची कुणी विचारपूस केली नाही.

समितीच्या सभेत मी कलम १७ मोठ्यानं वाचलं आणि इतिवृत्तात नोंदवून घेतलं. सर बराच वेळ वाद घालत होते. व्हॅनमध्ये आता मदतनीस बाई असतात. समुपदेशक मात्र अजून मिळालेला नाही. तो विषय मी प्रत्येक सभेत मांडते आहे.